साडेसत्तेचाळीस किलोंची पावती

विमानतळावर माणूस भुकेनं खर्च करत नाही, रिकामपणानं करतो. पहिल्या विमानप्रवासाहून देवळीला परत आल्यावर वहीत लिहिलेलं हे माझं पहिलं वाक्य. त्याखाली मी कारणं लिहिली आणि कारणांखाली माझ्या नवऱ्यानं घेतलेली मानेची उशी.

त्या वेळी आम्ही दोघं मुलीला बंगळुरात सोडायला गेलो होतो. तिची नोकरी नवी, आम्हाला विमान नवं. गाडी चुकण्याची धास्ती रेल्वेमुळे अंगात मुरलेली, म्हणून नागपूरच्या विमानतळावर साडेतीन तास आधी पोचलो. सामान दिलं, तपासणी झाली आणि पुढे अडीच तास करायला काहीच उरलं नाही. समोर दुकानं होती. नवऱ्यानं आधी पाण्याची बाटली घेतली. नुसतं पाणी काय प्यायचं, म्हणून कॉफी घेतली. कॉफी पोटात गेल्यावर त्याला डोसा आठवला. डोसा झाल्यावर 'हात धुऊन येतो' म्हणून गेला तो गळ्यात निळी उशी घालूनच आला. त्याच्या मानेला त्याआधी चोपन्न वर्षं काहीही झालेलं नव्हतं. आता तो शाळेत शिकवून आला की ती उशी गळ्यात घालून बातम्या बघतो आणि पाहुणे आले तरी काढत नाही.

मी कॉलेजच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. यादी न करता मी भाजीलासुद्धा जात नाही. त्या प्रवासाचा हिशेब मी घरात कुणाला सांगणार नव्हते, पण नवऱ्यानं रोहण्याला गेल्यावर तो स्वतःच सांगितला. रोहण्याला आमची शेती आहे, आणि तिथं सासरे धाकट्या दिराकडे राहतात. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, कान तेज, गुडघे खराब. ओट्यावर बसून नवरा कौतुकानं म्हणाला, "बाबा, तिथं एक कप चहा केवढ्याले माहीत आहे का?" आणि त्यानं आकडा सांगितला.

मामाजींनी तो आकडा पुन्हा सांगायला लावला. मग विचारलं, "कप घरी आणू देते का?"

"नाई, कागदाचा असते."

"मंग तू पेला काऊन?"

का प्यायलो ते सांगायच्याऐवजी नवरा विहीर बघायला उठला. तेव्हापासून विमानतळ म्हटलं की मामाजी 'लुटीची जागा' म्हणायचे, आणि कुणाचा पोरगा विमानानं आला असं कळलं की 'पेला का चहा?' एवढंच विचारायचे.

म्हणून दोन वर्षांनी मुलीनं बंगळुरात स्वतःचं दोन खोल्यांचं घर घेतलं आणि घरभरणीला आजोबा हवेतच असा हट्ट धरला, तेव्हा प्रकरण माझ्याकडे आलं. मामाजी विमानानं यायला तयार नव्हते. रेल्वेचा इतका लांबचा प्रवास गुडघ्यांना झेपणार नव्हता. मुलीनं फोनवर सांगितलं होतं, "आबाजी, तुम्ही आल्याशिवाय मी त्या घरात दूध उतू घालणार नाही. दूध पातेल्यात ठेवून वाट पाहीन." हे ऐकून मामाजी रडवेले झाले, पण हो म्हणाले नाहीत.

मी रोहण्याला जाऊन समोर बसले. म्हटलं, "मामाजी, विमानतळावर एक रुपया खर्च होणार नाही. माझा शब्द."

"एक रुपया नाई?"

"एकही नाही. वहीत लिहून देते."

"आन् लागला तं?"

"लागणार नाही."

"लागला तं मी तिथूनच मागं फिरीन," ते म्हणाले. "लहान्या गाडी घेऊन बाहेर उभा राहीन. मी आतून फोन केला का मले घेऊन सिधा रोहणा. मंजूर?"

लहान्या म्हणजे माझा दीर. त्यानं मान हलवली. मी पण हलवली. मुलीचं दूध आता माझ्या वहीवर होतं.

मी तयारीला लागले. रिकाम्या बाटल्या तीन. तपासणीतून रिकाम्या न्यायच्या आणि आतल्या नळावर भरायच्या. जेवण दशम्या, कोरडं बेसन, कांदा घरूनच चिरून. चहा आत नाही. कोंढाळीच्या टपरीवर सर्वांनी पोटभर पिऊन घ्यायचा. नवऱ्याचं पाकीट माझ्याकडे, आणि त्याच्या फोनमधून पैसे जातात तो आकडा मी आदल्या दिवशी बदलून ठेवला. पोचायचं बरोबर दोन तास आधी, एक मिनिटही अधिक नाही. दुकानांकडे पाठ करून बसायचं. कुठल्याही वस्तूचा भाव विचारायचा नाही, कारण भाव विचारला की माणूस अर्धा विकत घेतोच. शिवाय हाताला काम हवं, म्हणून भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि टरफलांसाठी वेगळी पिशवी. किलोभर शेंगा सोलून खायला तीन माणसांना पाऊण तास लागतो. मी घरी घड्याळ लावून बघितलं होतं. नवऱ्याला वाटलं होतं की मी लाडानं शेंगा खाऊ घालतेय.

राहिलं वजन. माणशी पंधरा किलो सामान फुकट, त्याच्यावर किलोमागे पाचशेच्या वर दंड. आमच्यासारख्यांचा खरा धोका इथं असतो, डोशात नाही. कारण आमच्याकडचा माणूस मुलीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही. मामाजींनी स्वतःच्या शेतातली तूर भरडून डाळ करून ठेवली होती. नव्या घरात पहिलं वरण याच डाळीचं शिजलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डाळीच्या सोबत ज्वारी, ज्वारीच्या सोबत कुरड्या, सांडगे, शेवया, तिखट आणि जाऊबाईंनी ऐन वेळी आणून ठेवलेला गूळ.

वजन करायला आमच्या घरी काटा नव्हता. बाजारात बॅगा अडकवून तोलायचा छोटा काटा मिळतो, पण तो घेणं म्हणजे विमानतळाचा खर्च विमानतळाबाहेर करणं. मी नको म्हटलं. दीर म्हणाला, "वयनी, व्यापाऱ्याचा काटा आहे ना. कापूस मोजते, बॅगा नाई मोजणार?"

रोहण्याला कापूस घेणारा व्यापारी आमच्या घरापासून चार घरं पुढे. मामाजी त्याच्या वडिलांपासून त्याच दारी माल टाकत आलेले. निघायच्या आदल्या सकाळी तीन बॅगा तिकडं नेल्या. व्यापारी खुर्चीतून उठला. "पोरीच्या घरभरणीले चालले का काका? ठेवा, ठेवा. पैसे घेत नाई मी याचे."

मामाजींना कुठलीही वस्तू काट्यावर ठेवण्याआधी उचलून बघायची सवय आहे. पोतं असो, कोहळा असो, नातू असो. त्यांनी पहिली बॅग एका हातानं जमिनीपासून वीतभर उचलली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सोळाच्या आत. उलसक कमी."

काट्यावर लाल आकडे आले. पंधरा.

"दुसरी पाहू," मामाजी म्हणाले. उचलली. "हेबी तेवढीच. सोळाच्या आत."

त्या बॅगेतून मी आधी थोडी डाळ काढली, मग मूठमूठ परत घातली आणि आकडा पंधरावर आणून थांबवला. तिसरीचंही तसंच केलं. तिन्ही बॅगा बरोबर पंधरा, पंधरा, पंधरा. इतकं नेमकं काम बघून मला बरं वाटलं. मामाजी मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

व्यापारी हसला. "काका, आता वय झालं. अंदाज चुकतेच."

"हो ना बाबू," मामाजी म्हणाले. "मागं पाच-सात वर्सापासून पाहून राह्यलो. घरून निघते तवा कापूस बारा क्विंटल वाटते. इथं काट्यावर साडेअकराबी नाई भरत."

"कापूस वाळते, काका."

"वाळत असन. मी म्हणो, माह्या हातच वाळले."

मी सवयीनं वजनाची चिठ्ठी मागितली. व्यापाऱ्याला गंमत वाटली, पण त्यानं छापील चिठ्ठीवर तिन्ही वजनं लिहून खाली सही केली. चिठ्ठी मी वहीत चिकटवली. एकूण पंचेचाळीस किलो.

दुसऱ्या दिवशी सगळं यादीप्रमाणे झालं. कोंढाळीला चहा झाला. मामाजींनी दोन कप घेतले, "आता रातपावतर पाहणं नाई" म्हणून. विमानतळावर बरोबर दोन तास आधी पोचलो. दारात ओळखपत्रं दाखवताना मामाजींनी शिपायाला विचारलं, "आत जायाचे पैसे नाई ना?" तो नाही म्हणाला. मामाजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. दीर गाडी घेऊन बाहेर थांबला.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. पहिली बॅग पट्ट्यावर गेली. हिरवा आकडा उजळला. पंधरा पूर्णांक आठ.

मला वाटलं, बॅग तिरपी ठेवली असेल. सरळ केली. पंधरा पूर्णांक आठ. दुसरी ठेवली, पंधरा पूर्णांक आठ. तिसरी, पंधरा पूर्णांक नऊ.

"मॅडम, टोटल साडेसत्तेचाळीस होऊन राहिलं," मुलगी म्हणाली. तिची बोली आमच्याकडचीच. "अडीच किलो एक्स्ट्रा. तीन किलोचे पैसे लागतील."

तीन किलोचे म्हणजे दीड हजाराच्या वर. नवऱ्यानं हळूच विचारलं, "माझं पाकीट देतेस का?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मामाजींकडे बघत होते. ते त्या हिरव्या आकड्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता येत नव्हतं.

"एक रुपया लागणार नाही, मामाजी," मी म्हणाले. "पाच मिनिटं द्या."

बॅगा बाजूला ओढून फरशीवर उघडल्या. अशा वेळेला माझं डोकं चांगलं चालतं. हातातल्या पिशव्यांना माणशी सात किलोची मुभा होती आणि आमच्या पिशव्या जेमतेम चार-चार किलोच्या. एवढं सोपं होतं. गूळ काढला, माझ्या पिशवीत. ज्वारीच्या दोन पिशव्या नवऱ्याच्या पिशवीत. त्याचा स्वेटर त्याच्या अंगावर, माझी शाल माझ्या खांद्यावर. नवरा फेब्रुवारी संपताना नागपुरात स्वेटर घालून उभा राहिला आणि घाम पुसत म्हणाला, "उशी आणली असती तर ती पण गळ्यात घातली असती."

"बोलू नकोस. हा शेवयांचा पुडा धर."

मी मान वर केली तेव्हा मामाजी ट्रॉलीला टेकून उभे होते आणि त्यांच्या कानाला फोन होता.

मी कुरड्यांची पिशवी खाली ठेवली. मुलीला काय सांगायचं, हे मी मनातल्या मनात लिहायला लागले आणि लिहिता येईना. दूध पातेल्यात आहे, एवढंच डोळ्यासमोर येत होतं. मी उठून जवळ गेले.

"लहान्या," मामाजी फोनवर म्हणत होते, "गाडी सुरू नोको करू. आयक. माह्या पेटीत, धोतराखाली, मागच्या हंगामाच्या कापसाच्या चिठ्ठ्या आहे. त्याच्याखाली त्याच्या मागच्या. घरी गेल्यावर साऱ्या काढजो आन् रबर लावून ठेवजो. एकबी फेकजो नोको. काऊन म्हणजे? आल्यावर सांगतो."

फोन खिशात टाकून ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तिन्हीत सारखंच काऊन वाढलं?"

"काय?"

"एकीत वाढलं असतं तं म्हटलं असतं, कोणं काई टाकलं. तिन्हीत आठशे ग्राम, आठशे, नऊशे. सारखंच. काल सकाळपासून आतापर्यंत डाळ वाढते का?"

मी उघड्या बॅगांकडे वळून बघितलं. वर्षभर विद्यार्थ्यांच्या फीचे रकाने जुळवणारी मी, आणि हे माझ्या नजरेतून निसटलं होतं.

"डाळ वाढत नाही," मी म्हणाले.

"वाळते का?"

"एका दिवसात नाही."

"मंग इथला काटा खोटा नाई तं तिथला खोटा," मामाजी म्हणाले. "आन् मी दोन्ही वेळा सोळाच्या आत म्हटलं होतं."

त्यांनी पुन्हा तळहात बघितला. या वेळेस जरा वेगळ्या तऱ्हेनं.

पण माझ्यापुढे अजून काम होतं. माझा शब्द शिल्लक होता, आणि काउंटरवर मागे रांग वाढत होती. मी आणि नवऱ्यानं बॅगा बंद केल्या, परत पट्ट्यावर ठेवल्या. पंधरा. पंधरा. पंधरा. एकूण पंचेचाळीस, एक दशांशही वर नाही. मुलगीही खुश झाली. "परफेक्ट, मॅडम. असं कोणाचंच येत नाही." ती बटण दाबणार तेवढ्यात मामाजींनी काउंटरवर हात ठेवला.

"थांब माय. दाबू नोको."

"काय झालं, काका?"

"या कागदावर वजन लिहून येते ना?"

"हो. टॅगवर पण येते, बोर्डिंग पासवर पण येते."

"मंग आता पंचेचाळीसच लिहून येईन."

"हो ना. म्हणून तर पैसे नाही लागत."

मामाजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुह्या वहीतली चिठ्ठी पंचेचाळीसची. हा कागदबी पंचेचाळीसचा. दोन्ही घेऊन मी त्याच्या दारात गेलो तं तो काय म्हणन? म्हणन, पाह्य काका, विमानाच्या काट्यानंबी माह्याच काटा खरा ठरवला."

मी वही उघडून चिकटवलेली चिठ्ठी बघितली.

"सामान जसं होतं तसं परत भर," मामाजी म्हणाले. "पावती साडेसत्तेचाळीसची पाहिजे."

"मामाजी, पैसे लागतील."

"लागू दे."

"तुम्हीच म्हणाला होतात, एक रुपया लागला तर मागं फिरीन."

"चहासाठी म्हटलं होतं. कागदासाठी नोतं म्हटलं."

नवरा आधीच स्वेटर काढायला लागला होता. मी गूळ परत घातला, ज्वारी परत घातली, शेवया परत घातल्या. मागच्या रांगेतला एक बॅगवाला गृहस्थ म्हणाला, "अहो, नक्की ठरवा ना." नवरा त्याला म्हणाला, "ठरलं आहे, फक्त दोन्ही बाजूनं ठरलं आहे." काउंटरवरची मुलगी सगळं ऐकत होती. तिनं मामाजींना हळूच विचारलं, "काका, कापूस आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना. बारा क्विंटल."

"आमच्या बाबांचा पण आहे. त्यांचा पण नेहमी कमीच भरते."

"त्याइले म्हणा, एक बॅग घेऊन इथं येजो," मामाजी म्हणाले.

तिनं पैसे भरायची खिडकी दाखवली. मी पाकीट काढायला लागले तर मामाजींनी मला थांबवलं. बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पुडी निघाली, त्यातून घडी घातलेल्या नोटा. "तुह्या शब्द तू पाळला," ते म्हणाले. "हा माह्या खर्च आहे. तुह्या वहीत लावू नोको." पावती छापून आली तशी त्यांनी ती हातात घेतली, वजन कुठं लिहिलंय ते मला दाखवायला लावलं, आणि विचारलं, "शिक्का नाई?" खिडकीतल्या माणसानं सांगितलं, शिक्का लागत नाही, हे संगणकाचं आहे. मामाजी हलले नाहीत. शेवटी त्यानं कुठून तरी एक गोल शिक्का शोधून काढला आणि उमटवला.

आत दुकानांच्या रांगेतून जाताना मी यादीप्रमाणे सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवणार होते. मामाजी एका दुकानापुढे थांबले. पोह्यांचा भाव पाटीवर मोठ्या अक्षरात होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"चला, मामाजी. भाव वाचायचा नाही."

"वाचू दे," ते म्हणाले. "इथं लुटते, पण पाटी लावून लुटते. ज्याले लुटून घ्यायचं त्यानं घ्यावं. आपला व्यापारी तं पाटीबी लावत नोता."

मग आम्ही दुकानांकडे पाठ करून बसलो आणि शेंगा सोलल्या. पाऊण तास लागला. बाटल्या नळावर भरल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "ये मूंगफली किधर मिली?" नवरा म्हणाला, "रोहणा." ती दुकानांच्या पाट्यांमध्ये रोहणा शोधायला गेली.

मुलीच्या घरी दूध उतू गेलं. पहिलं वरण मामाजींच्या डाळीचं झालं. मामाजींनी आठ दिवसांत त्या दोन खोल्यांतली प्रत्येक वस्तू उचलून बघितली. मुलीकडे स्वयंपाकाचा छोटा काटा होता. रोज संध्याकाळी ते वांगी, कांदे, तिची लॅपटॉपची बॅग उचलून आकडा सांगायचे आणि मुलगी काट्यावर ठेवून बघायची. चुकले तर शंभर ग्रॅमनं. परत येताना बंगळुरच्या विमानतळावरही त्यांनी बॅग आधी उचलली, काउंटरवरच्या मुलाला म्हणाले, "ग्यारा, सव्वाग्यारा." काटा म्हणाला अकरा पूर्णांक दोन. त्या मुलानं मान वर करून बघितलं. मामाजी पुढच्या खिडकीकडे निघालेसुद्धा होते.

रोहण्याला आल्यावर ते पावती घेऊन व्यापाऱ्याकडे गेले. नवरा सोबत होता, मी चिठ्ठी चिकटवलेली वही घेऊन मागे. व्यापाऱ्यानं दोन्ही कागद बघितले आणि पावती परत दिली. "काका, विमानवाले काटा जास्तच दाखवते. त्याच्यातच तर त्यांची कमाई."

तिथं बसलेल्या दोघातिघांनी माना हलवल्या. विमानतळ लुटीची जागा आहे, हे मामाजींनीच त्यांना दोन वर्षं सांगितलेलं होतं.

मामाजींना हे अपेक्षित होतं की नाही, मला माहीत नाही. पण मी अपेक्षित धरलं होतं आणि त्याची तयारी वहीत होती. मी समोरच्या किराणा दुकानात गेले आणि एक-एक किलोचे मिठाचे दहा बंद पुडे आणले. ते त्याच्या काट्यावर एकावर एक रचले. पुड्यावर छापलेलं वजन तर विमानवाल्यांनी छापलेलं नव्हतं. काटा साडेनऊपर्यंतही गेला नाही.

मग त्या दोघातिघांतला एक जण उठला, काट्याजवळ वाकला आणि आकडा स्वतः वाचून आला. दुसऱ्यानंही वाचला.

"बिघडला असंल," व्यापारी म्हणाला.

"असन," मामाजी म्हणाले. "किती वर्सापासून बिघडला, ते लहान्यानं रबर लावून ठेवलं आहे."

पुढच्या आठवड्यात तिथं नवा काटा आला. मागच्या वर्षांचं काय, यावर मामाजींची आणि त्याची बोलणी अजून चालू आहेत, ती मी वहीत घेतलेली नाहीत. यंदा कापूस मोजायच्या दिवशी रांगेतल्या तिघांच्या हातात मिठाचे पुडे होते. आमचे दहा पुडे मात्र घरीच आले. एवढं मीठ संपवायचं म्हणून जाऊबाईंनी यंदा लोणच्याची दुप्पट बरणी घातली.

मागच्या महिन्यात मुलीनं पुन्हा फोन केला. दिवाळीला या, म्हणाली. मी मामाजींना विचारायला गेले तेव्हा त्यांच्या काही अटी असतील म्हणून वही उघडूनच बसले.

"येतो ना," ते म्हणाले. "चहा मी तिथं पेणार नाई. बाकी तुह्या यादीत काय टाकायचं ते टाक. फक्त बॅग काट्यावर ठेवायच्या आंधी माह्या हातात देजो."

मी ते लिहून घेतलं. रिकाम्या बाटल्यांच्या वर.